जीपखालची परात

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्यांच्या अंगणात तो काळा डाग असणारच. सकाळी गाडी पुढे घेतली की तो नजरेला पडतो, आणि रोजच पडतो म्हणून हळूहळू दिसेनासा होतो. मालगुंडजवळच्या एका वाडीतल्या राजाभाऊंनी मात्र असा डाग कधी पडूच दिला नाही. त्यांनी त्या जागी आधीच परात ठेवून दिली होती!

राजाभाऊ आंबा बागायतदार. पत्नी सुनेत्राबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा अनिश रत्नागिरीत नोकरीला, आणि सून मृणाली सावर्ड्याची, तीही जवळच नोकरी करणारी, लग्नाला अजून वर्षही झालेलं नव्हतं. या चौघांच्या जोडीला पाचवं माणूस म्हणजे जीप. तिचा मीटर साडेतीन लाखांवर येऊन थांबला, त्यालाही बराच काळ लोटला होता. "मीटर दमला, गाडी नाही दमली," असं राजाभाऊ आल्यागेल्याला सांगत.

सकाळचा चहा झाला की ते मांगरात जात. मांगर म्हणजे रस्त्याकडेची शेड. हंगामात तिथे आंब्याच्या पेट्या भरत आणि एरवी जीप उभी असे. बॉनेट उघडून ते तेलाची पट्टी ओढत, फडक्याला पुसत, पुन्हा घालून पुन्हा ओढत आणि डोळे बारीक करून बघत. जेवढं कमी, तेवढं तेल वरून ओतत. खाली परातीत तेच तेल काळं होऊन थेंब थेंब जमत असे.

उपाय केले नव्हते असं कोण म्हणेल? साबणाची वडी चोळून झाली. फटींत लांबी भरून झाली. मुंबईहून कुणी गळती थांबवायच्या औषधाची बाटली आणली, तीही इंजिनाने पिऊन टाकली. चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा परात भरू लागली. गॅरेजमध्ये नेऊन नेमकं गळतंय कुठून ते बघायचं, एवढंच तेवढं राहिलं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्याची कुणाला घाईही नव्हती. कारण वाडीत जळक्या ऑइलला मागणी फार! गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून शिवा न्यायचा. फाटकाच्या बिजागऱ्यांना केरू न्यायचा. चुलीतलं ओलं लाकूड पेटवायला गोदाकाकू करवंटीभर मागून न्यायच्या. "न्या हो, न्या! आपल्याकडे तोटा नाही," असं म्हणताना राजाभाऊंचा चेहरा खुलायचा. देणाऱ्याचा आनंद तो. त्यात गाडीचा दोष कुठल्या कुठे झाकला जायचा.

मृणालीचा स्वभाव मात्र फार चौकस होता. नवीन माणसाला जुन्या घरातल्या गोष्टी खुपतात, तशी ती परात तिला पहिल्याच आठवड्यात खुपली.

"बाबा, ही परात इथे कशाला?"

"तेल जमतं तिच्यात."

"तेल का जमतं?"

"गळतं म्हणून."

"का गळतं?"

"जुनी गाडी. गळणारच."

"पण कुठून?"

"अगो, खालून!" राजाभाऊ वैतागले. "वरून गळताना कधी बघितलंयस?"

ओटीवर कोकमाची सोलं निवडत बसलेल्या सुनेत्राबाई हसल्या. "कुठून म्हणून या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं गो. परातच कुठली आणायची एवढीच चर्चा झाली. पहिली परात माझ्या रुखवतातली होती, तुला सांगते!"

विषय तिथे हसण्यावारी गेला. पुढे मे महिना आला, आणि गोष्ट विहिरीशी येऊन थांबली.

राजाभाऊंच्या वडिलांनी खोदलेली ती विहीर घराच्या वरच्या अंगाला, बागेच्या तोंडाशी होती. घरात पंप होता, पण वाडीतल्या बायका रहाटावर दोर टाकून पाणी काढत. नळाला दिवसाआड पाणी येऊ लागलं की सगळी वाडी याच विहिरीवर. 'इथे कुणाला नाही म्हणायचं नाही,' हा वडिलांचा शब्द राजाभाऊंनी देवासारखा जपला होता. बायकांचे हात भरून येऊ नयेत म्हणून रहाटाची देखभालही ते स्वतः करत.

त्या मे महिन्यात विहिरीवरची वर्दळ कमी झाली. आधी मृणालीला वाटलं, नळाला पाणी बरं येत असेल. मग एका सकाळी कामावर जाताना तिला सोनूबाई दिसल्या. सोनूबाई पलीकडच्या घरातल्या. मुलगे मुंबईला, घरात एकट्या, गुडघ्यांनी बेजार. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून याच विहिरीचं पाणी प्यालेल्या. आणि आज त्या खालच्या बोरिंगवरून कमरेवर कळशी घेऊन चढ चढत होत्या. मधल्या दगडावर त्या टेकल्या, तेव्हा मृणालीने धावत जाऊन कळशी घेतली.

"सोनूबाई, आपली विहीर सोडून एवढ्या खाली कशाला गेलात?"

"काय नाय गो बाय. पाय मोकळं करायला."

"या पायांनी?"

सोनूबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "तुमच्या पान्याला वास येतोय गो. भातात पन लागतो. सगल्या बाया बोलत्यात, पन तुमच्या दारात येऊन कोन बोलनार? भाऊंना सांगू नको हां. मोठ्या मनाचा मानूस. वाईट वाटंल त्याला."

घरात पाणी यंत्रातून गाळून येत होतं, म्हणून घरच्यांना पत्ताच नव्हता! दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ती भर दुपारी विहिरीवर गेली. ऊन थेट खाली उतरलं होतं. कधी नव्हे एवढ्या आटलेल्या पाण्यावर निळा, जांभळा, तांबूस असा एक पातळ तवंग हळूहळू फिरत होता. दिसायला सुंदर होता. पण तो तेलाचा होता.

जेवताना तिने सगळं सांगितलं. फक्त सोनूबाईंचं नाव घेतलं नाही.

"बाबा, जीपचं तेल तर विहिरीत जात नसेल? आपला जांभा दगड सगळं पिऊन घेतो."

राजाभाऊंनी हातातला घास खाली ठेवला. "विहीर वर, जीप खाली. तेल चढ चढून जातं की काय? नाही नाही ते खापर माझ्या गाडीवर!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण तेल चढ चढत नाही, आणि तरीही ते वर विहिरीत आहे, हे कोडं मृणालीच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी राजाभाऊंनी स्वतः पाणी काढलं, ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या बापाच्या विहिरीला लोक नाकं मुरडतात!" ते पुटपुटले. मग त्यांना शिवा आठवला. बागेत फवारणी शिवाच करायचा. त्यांनी त्याला बोलावून भर अंगणात फैलावर घेतलं.

"फवारणीचा पंप विहिरीवर धुतलास ना?"

"नाय भाऊ. मी वहाळावर धुतो, खाली ओढ्यात."

"मग विहिरीत तेल काय आभाळातून पडलं?"

शिवा मान खाली घालून उभा राहिला. "आईची आन, भाऊ," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो बागेत आला नाही. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

बघा, किती सहज होतं हे! दोष कुणाचा ते शोधायच्या आधी दोषी माणूस ठरवून आपण मोकळे होतो.

मृणालीने शोधायचं ठरवलं. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं तिने घेतली आणि कोरी बाजू वर करून विहिरीवर पसरली. एक कपडे धुवायच्या दगडाजवळ, एक बागेच्या बाजूच्या काठावर आणि एक रहाटाखाली, विहिरीवर आडव्या टाकलेल्या फळीवर. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर खडे ठेवले.

"काय चाललंय हे?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"आई, विहिरीलाच विचारतेय."

"विचार बाई. उत्तर आलं की मलाही सांग."

दिवसभर ऊन रणरणलं. कलत्या दुपारी मृणाली पुन्हा गेली. दगडाजवळचा कागद कोरा होता. बागेकडचाही कोरा. रहाटाखालच्या कागदावर मात्र काळे थेंब पडले होते, तेलाने कागद आरपार झाला होता. तिने मान वर केली. रहाटाच्या आसावर काळं तेल चकाकत होतं, आणि उन्हाने पातळ झालेला एक थेंब अगदी पडायच्या बेतात होता.

हे तेल तिथे कोण घालतं, असा प्रश्न तिच्या मनात येतोय तोच पायवाटेवर चपला वाजल्या. राजाभाऊ येत होते. एका हातात करवंटी, दुसऱ्या हातात कोंबडीचं पीस. आठवड्याचा रहाटाला तेल द्यायचा दिवस होता.

मृणाली बाजूला सरली फक्त. राजाभाऊंनी पीस करवंटीत बुडवलं, आसाकडे हात नेला आणि त्यांची नजर खालच्या कागदावर गेली. त्यांनी कागदाकडे बघितलं. मग करवंटीकडे. मग दूर खाली मांगराकडे.

"म्हणजे… मीच?"

तेल चढ चढलं नव्हतं. राजाभाऊंनी ते स्वतःच्या हाताने, मायेने, आठवड्यामागून आठवडे वर आणून विहिरीच्या तोंडाशी ठेवलं होतं!

मृणालीने त्यांच्या हातातली करवंटी हलकेच काढून घेतली.

रात्री सगळी ओटीवर बसली. राजाभाऊच म्हणाले, "उद्या रहाट उतरवून धुतो. त्याला पुन्हा ते तेल लावायचं नाही. झालं."

"नाही झालं," सुनेत्राबाई म्हणाल्या. शाळेतल्या बाईंचा आवाज होता तो. "तुमचे वडील रहाटाला काय लावायचे?"

"खोबरेल."

"नारळांच्या बागेत राहतो आपण. मग खोबरेल कधी बंद झालं? जीप गळायला लागली तेव्हा. फुकटचं काळं तेल दारात जमायला लागलं, आणि जमलं म्हणून ते कुठेतरी लावायलाच हवं, असं आपल्याला वाटायला लागलं. रहाटाला लावणं थांबवाल, पण परात तर भरतच राहणार. शिवाच्या गोठ्यावरून ते पावसात वहाळात जाणार. गोदाकाकूंच्या चुलीतून त्यांच्या छातीत जाणार. अहो, तुम्ही गळती थांबवली नाहीत. तुम्ही ती वाडीभर वाटलीत!"

"आणि चूक काही एकट्या तुमची नाही," सुनेत्राबाई थोड्या मऊ आवाजात पुढे म्हणाल्या. "पहिली परात मीच दिली होती. अंगण खराब होऊ नये म्हणून. तेव्हाच वाकून बघा म्हटलं असतं तर?"

"बाबा, तुम्ही गाडी गॅरेजला का नेत नाही?" मृणालीने विचारलं. तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

राजाभाऊ अंधाराकडे बघत म्हणाले, "मिस्त्री म्हणेल, संपली गाडी, काढून टाका. अनिशच्या वेळी हिला याच जीपमधून रत्नागिरीला नेली होती, भर पावसात. बाबांना शेवटचं घरी आणलं तेही यातूनच. मला भीती वाटते गो. बघितलंच नाही, तर कळणारही नाही."

सुनेत्राबाईंनी पदराने डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी जीप रत्नागिरीला निघाली. मृणालीने रजा टाकली होती, तिला हे सोडायचंच नव्हतं. मिरकरवाड्याच्या वाटेवर महिपत मिस्त्रींचं गॅरेज होतं. ट्रॉलरच्या इंजिनांपासून स्कूटरपर्यंत सगळ्यावर त्यांचा हात चालायचा आणि त्याहून जास्त तोंड. त्यांनी जीपखाली डोकावून बघितलं आणि निकाल देऊन टाकला.

"भाऊ, मागचं ऑइल सील गेलं. इंजिन उतरवायला लागणार. आणि इतक्या जुन्या गाडीला एवढं करण्यापेक्षा…"

राजाभाऊंनी मृणालीकडे बघितलं. हेच ऐकायची त्यांना भीती होती.

"मिस्त्री, गळतंय खाली," मृणाली म्हणाली. "पण येतंय कुठून?"

"म्हणजे?"

"आमच्या विहिरीतही तेल खाली दिसत होतं. होतं मात्र वरती."

महिपत मिस्त्री डोकं खाजवत हसले. "वहिनी, प्रश्न बरोबर हाय तुमचा. सगळं इंजिन काळं झालंय, त्यात मला तरी काय कळणार? थांबा, एक युक्ती करू."

त्यांनी इंजिन डिझेलने धुतलं, हवा मारून कोरडं केलं. मग देवाच्या फोटोखालच्या फळीवरून स्वतःची तोंडाला लावायची पावडर घेतली आणि इंजिनावर भुरभुरली. इंजिन पांढरंफटक झालं, गॅरेजभर गुलाबाचा वास सुटला. "आता भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन या. जिथनं ओघळ सुरू होईल, तिथं रोग."

पुलावरून परत आल्यावर तिघांची डोकी बॉनेटखाली शिरली. आणि काय आश्चर्य! पांढऱ्या पावडरीवर एक काळा ओघळ स्पष्ट उमटला होता. तो इंजिनाच्या अगदी वर, टॅपेट कव्हर नावाच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून निघाला होता आणि पाठीमागून उतरत थेट तळाला पोचला होता.

"वरून!" राजाभाऊ ओरडले. "मृणाली, वरून गळतंय गो!"

"पॅकिंग गेलंय," मिस्त्री म्हणाले. कव्हर उघडून त्यांनी आतलं रबराचं पॅकिंग काढलं. ते कडक झालं होतं, वाकवताच तुकडा पडला. काम संपलं असं राजाभाऊंना वाटलं. मृणालीचं कुतूहल अजून भागलं नव्हतं.

"मिस्त्री, हे नुसतं जुनं झालं म्हणून गेलं, की आणखी काही?"

मिस्त्रींनी आता तिचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. इंजिनाची आतली वाफ बाहेर सोडणारी नळी त्यांनी सोडवली आणि फुंकून बघितली. फुंकर जाईना. तार घालून खरवडलं, तसा काळ्या चिखलासोबत सुकलेल्या मातीचा एक गोळा बाहेर पडला.

"कुंभारणीचं घर!" मिस्त्री थक्क झाले. भिंतीवर मातीची घरटी करणारी ती माशी. कुठल्यातरी पावसाळ्यात जीप मांगरात उभी असताना तिने नळीच्या तोंडात घर बांधलं होतं. "भाऊ, इंजिनाला श्वास सोडायलाच जागा नव्हती. आतला दाब वाढणार, जिथं कच्चं सापडंल तिथनं तेल ढकलणार. नुसतं पॅकिंग बदललं असतं, तरी पुन्हा गळलं असतं."

राजाभाऊंनी तो मातीचा गोळा तळहातावर घेतला आणि पोरासारखे बघत राहिले. एवढासा गोळा! त्यापायी केवढं तेल, किती पराती आणि केवढी भीती!

इंजिन उतरवावं लागलं नाही. नवं पॅकिंग बसलं, नळी साफ झाली. "जुनी गाडी हाय, मागचं सील थोडं ओलं राहील," मिस्त्रींनी बजावलं. "नजर ठेवा. वाढलं तर वेळेत या. आणि काढलेलं तेल कुठं ओतू नका, माझ्या पिंपात आणून द्या. पुनर्वापराला नेणारे येतात."

घरी परतताना राजाभाऊंनी जीप आधी शिवाच्या दारात थांबवली. अंगणात शिवा होता, त्याची बायको होती, शेजारी होते. सगळ्यांच्या देखत बोलले होते, म्हणून सगळ्यांच्या देखतच ते म्हणाले, "शिवा, विहिरीत तेल मी घातलं. तुझा काही दोष नव्हता. मला माफ कर." शिवाने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. राजाभाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

त्या रविवारी विहिरीचा उपसा झाला. सारी वाडी आली. जुन्या सुती लुगड्यांनी आधी तवंग टिपून घेतला, मग पाणी उपसलं, काठ घासले. राजाभाऊंनी रहाट उतरवून राखेने आणि सोड्याने चकचकीत केला आणि आसाला खोबरेल लावलं. झऱ्यांचं नवं पाणी भरून यायला काही दिवस गेले. पाणी तपासून आलं, चांगलं निघालं. बायका हळूहळू परतल्या. सोनूबाई मात्र आल्या नव्हत्या.

एका सकाळी राजाभाऊ स्वतः त्यांच्या दारात गेले. "सोनूबाई, कळशी द्या. चला."

सोनूबाई आल्या. रहाट न कुरकुरता फिरला. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. राजाभाऊंचा जीव त्या एका घोटात अडकला होता.

"तुमच्या बापाच्या वेळचं पानी हाय भाऊ," सोनूबाई म्हणाल्या, आणि राजाभाऊ भर विहिरीवर रडले.

मंडळी, जुन्या गाडीला गळती लागते, तशी ती जुन्या घराला लागते, संस्थेला लागते, गावालाही लागते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण मात्र तिच्याखाली परात ठेवतो, जमलेल्याचा उपयोग शोधतो, आणि एक दिवस ती कुणा सोनूबाईच्या कळशीत उतरते. तेव्हा 'गळणारच' म्हणून पाठ फिरवण्याआधी एकदा 'कुठून?' म्हणून विचारा. पुष्कळदा तिथे मातीचा एक गोळाच अडकलेला असतो.

जीपखालची परात राजाभाऊंनी अजून काढलेली नाही. फक्त आता तिच्यात जुन्या कॅलेंडरचं एक पान असतं, कोरी बाजू वर केलेलं. रोज सकाळी चहा झाला की ते मांगरात जातात, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकतात आणि आधी तो कागद बघतात.